अमेरिकेची निवडणूक, पुणे करार आणि भंडाऱ्याचा पराभव : बाबासाहेबांनी आयुष्यभर सोडवलेलं मतांचं गणित

अर्जुनी मोरगावच्या आमदाराच्या एका मताची किंमत किती?

भलता अर्थ काढू नका. उत्तर आहे १७५. देशाचा राष्ट्रपती निवडताना अर्जुनी मोरगावच्या आमदाराने टाकलेलं एक मत १७५ धरलं जातं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ धरलं जातं, सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७. सामान्य मतदार या निवडणुकीत मतदान करतच नाही. त्याच्या वतीने त्याचा आमदार आणि खासदार मत देतात.

आता अमेरिकेकडे बघा. दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की टीव्हीवर लाल-निळे नकाशे दिसायला लागतात आणि २७० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. तिथला मतदार रांगेत उभा राहून मत देतो, पण कागदोपत्री तोही राष्ट्राध्यक्ष थेट निवडत नाही. तो निवडतो ते प्रतिनिधी, आणि ते प्रतिनिधी पुढे राष्ट्राध्यक्ष निवडतात. गंमत म्हणजे देशभरात जास्त मतं मिळवूनही तिथे माणूस हरू शकतो.

या दोन्ही पद्धती ज्याने मुळापासून अभ्यासल्या, त्यातली एक भारतासाठी नको असं घटना समितीत मांडलं, आणि स्वतः मात्र मतांच्या याच गणितात दोनदा पराभव पाहिला, असा एक माणूस होता. त्यातला दुसरा पराभव झाला भंडाऱ्यात, १९५४ साली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. तलावांचा आणि धानाचा हा सगळा मुलूख, त्यात अर्जुनी मोरगावही आलं, भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा होता तेव्हाच्या मध्य प्रदेशात.

तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं आयुष्य अनेक बाजूंनी सांगता येतं. आज ते मतांच्या बाजूने बघू.

न्यूयॉर्कमध्ये पोहोचलेला २२ वर्षांचा विद्यार्थी

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्मलेले भीमराव १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे त्यांना जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे शिक्षक मिळाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, पण सोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं सगळंच सुरू होतं. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ ला प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यानंतर काही आठवड्यांतच ते लंडनला निघाले.

म्हणजे त्यांचा अमेरिकेतला मुक्काम बरोबर दोन राष्ट्राध्यक्ष निवडणुकांच्या मध्ये बसला. १९१२ ची निवडणूक ते पोहोचण्याआधी झाली आणि १९१६ ची ते निघून गेल्यावर. पण १९१२ ची निवडणूक इतकी विलक्षण होती की तिच्यावरची चर्चा पुढे कितीतरी वर्षं थांबली नाही.

४२ टक्के मतं, तरी एकतर्फी विजय

१९१२ मध्ये झालं असं की रिपब्लिकन पक्षात फूट पडली. राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट एकीकडे आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट नवा पक्ष काढून दुसरीकडे. या दोघांच्या भांडणात डेमोक्रॅटिक पक्षाच्या वुड्रो विल्सन यांचं फावलं. विल्सन यांना देशभरात साधारण ४२ टक्के मतं पडली. म्हणजे दर दहापैकी जवळपास सहा मतदारांनी त्यांना मत दिलं नव्हतं. तरीही प्रतिनिधींच्या ५३१ मतांपैकी ४३५ मतं विल्सन यांना मिळाली. रूझवेल्ट यांना ८८ आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष असलेल्या टाफ्ट यांना फक्त ८.

हे कसं काय झालं? त्यासाठी अमेरिकेची पद्धत समजून घ्यावी लागते.

सुरुवात होते पक्षाच्या आतून. निवडणुकीच्या वर्षात जानेवारी ते जूनच्या दरम्यान बहुतेक राज्यांत पक्षाची प्राथमिक निवडणूक होते. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे तिथे मतदार ठरवतात. त्यातून निवडलेले प्रतिनिधी उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात जमतात आणि उमेदवाराचं नाव जाहीर होतं.

मग येते खरी लढत. नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मतदान होतं. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठराविक निर्वाचक असतात. त्या राज्याचे प्रतिनिधिगृहातले सदस्य, अधिक सिनेटचे दोन सदस्य, जितकी ही बेरीज तितके निर्वाचक. आज हा एकूण आकडा ५३८ आहे, त्यात राजधानी वॉशिंग्टनचे ३ धरलेले आहेत. जिंकायला निम्म्याहून जास्त म्हणजे २७० लागतात.

खरी मेख पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे राज्यात जो पहिला येईल त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. एका मताने पुढे असला तरी सगळे, दहा लाख मतांनी पुढे असला तरी सगळे. विल्सन यांना १९१२ मध्ये याचाच फायदा झाला. विरोधकांची मतं दोघांत विभागली गेली आणि ४८ पैकी ४० राज्यांत विल्सन पहिले आले.

हे निर्वाचक डिसेंबरमध्ये आपापल्या राज्यात जमून मतदान करतात. ६ जानेवारीला अमेरिकी काँग्रेसमध्ये ही मतं मोजली जातात आणि २० जानेवारीला शपथविधी होतो. कुणालाच बहुमत मिळालं नाही तर निर्णय प्रतिनिधिगृहात जातो आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. १८२४ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स असेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये तर देशभरात कमी मतं मिळवणारा उमेदवार निर्वाचकांच्या जोरावर जिंकला.

मोजले गेले, पण मत नव्हतं

अमेरिकेच्या राज्यघटनाकारांनी १७८७ मध्ये ही वळणाची पद्धत का स्वीकारली? कारणं बरीच होती. देश मोठा, दळणवळण कमी, लहान राज्यांना मोठ्यांची भीती, आणि सामान्य लोकांच्या हातात थेट निवड द्यायला अनेक पुढाऱ्यांची नाखुशी.

आणखी एक कारण होतं गुलामगिरी. दक्षिणेकडच्या राज्यांत लाखो कृष्णवर्णीय गुलाम होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता. थेट निवडणूक झाली असती तर मतदार कमी म्हणून या राज्यांचं वजन कमी पडलं असतं. मग तोडगा निघाला. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं धरायचं. जागांवरून निर्वाचकांची संख्या ठरत असल्यामुळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही दक्षिणेचं वजन वाढलं. म्हणजे गुलाम मोजला जायचा, पण त्याच्या नावाची ताकद वापरायचा त्याचा मालक.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. १८७० च्या १५ व्या घटनादुरुस्तीने वंशाच्या आधारे मताधिकार नाकारायला बंदी केली. तरी दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानासाठीचा कर आणि उघड दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून लांब ठेवलं गेलं. ही अवस्था १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत राहिली. बाबासाहेब शिकत होते ते कोलंबिया विद्यापीठ हार्लेमच्या शेजारीच आहे. त्याच काळात विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली होती.

बाबासाहेबांचं या प्रश्नाकडे पुढेही लक्ष होतं. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांसमोर मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या.

माणूस मोजला जाणं वेगळं आणि त्याचं मत चालणं वेगळं. बाबासाहेबांच्या पुढच्या जवळपास प्रत्येक राजकीय लढाईत हाच पेच होता.

पुणे करार आणि दोन टप्प्यांची निवडणूक

भारतात परतल्यावर बाबासाहेबांनी मताधिकाराचा विषय लगेच हातात घेतला. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा मत द्यायचं तर मालमत्ता, कर किंवा शिक्षण अशा अटी होत्या. ज्यांना शाळेत आणि जमिनीत वाटाच नव्हता त्या अस्पृश्य समाजाचे मतदार त्यामुळे नगण्य होते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार द्यायची मागणी केली. अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की ही मागणी किती पुढची होती ते कळतं.

पुढे गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्य मतदारांनीच निवडायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. उमेदवार आमचा पण मतदार बहुसंख्य समाजाचे असं झालं, तर जो बहुसंख्यांना चालतो तोच निवडून येणार. जागा आमच्या नावावर राहील, पण आमचा आवाज तिथे पोहोचेलच असं नाही.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि ही मागणी मान्य झाली. गांधीजींनी त्याविरोधात येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. त्या दबावाखाली २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत राखीव जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. मतदारसंघ संयुक्त राहिले.

या करारातला एक भाग सहसा कुणी सांगत नाही. राखीव जागेसाठी निवडणूक दोन टप्प्यांत होणार होती. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि दुसऱ्या टप्प्यात सगळ्या मतदारांनी त्या चारांतून एक निवडायचा. अमेरिकेत जसं आधी पक्षाचे मतदार उमेदवार ठरवतात आणि मग सगळे मिळून निवड करतात, काहीसं तसंच. निदान पहिल्या चाळणीत तरी समाजाचा शब्द राहावा, ही त्यामागची धडपड होती. अडचण अशी की पहिल्या टप्प्यात सगळ्यात वर आलेला उमेदवार दुसऱ्या टप्प्यात पडू शकत होता आणि चौथा आलेला जिंकू शकत होता. ही व्यवस्था स्वातंत्र्यानंतरच्या निवडणुकांत राहिली नाही. संयुक्त मतदारसंघ मात्र राहिले.

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले आणि बाबासाहेब स्वतःही विधिमंडळात गेले.

अमेरिकेसारखी पद्धत त्यांनी आधी सुचवली होती

इथे गोष्ट जरा वळण घेते.

१९४६ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. घटना समितीवर सदस्य पाठवायचं काम प्रांतिक विधिमंडळांकडे होतं आणि मुंबईतून त्यांना पाठवायला पुरेशी मतं नव्हती. शेवटी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पुढाकाराने ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा समितीत आले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी, मसुदा समिती नेमली जाण्यापूर्वी, त्यांनी स्टेट्स अँड मायनॉरिटीज हे निवेदन प्रसिद्ध केलं होतं. त्यात त्यांनी सुचवलेलं सरकार ब्रिटिश वळणाचं नव्हतं. मुदत संपेपर्यंत विधिमंडळाला सरकार पाडता येऊ नये, आणि पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने पसंतीक्रमाच्या मतांनी निवडावा, अशी त्यांची मांडणी होती. मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधीही त्या त्या समाजाच्या सदस्यांनीच निवडायचे होते. मुदतीपुरतं पक्कं सरकार हा अमेरिकेच्या पद्धतीचा गाभा त्यात होता. कारण तेच जुनं. ब्रिटिश पद्धतीत बहुमताचा पक्ष सरकार बनवतो. भारतात ते बहुमत जातीधर्माच्या आधारे कायमचं ठरलेलं असेल तर अल्पसंख्याकांना सरकारात कधीच जागा मिळणार नाही, अशी त्यांना काळजी होती.

पण घटना समितीचा कल संसदीय पद्धतीकडे होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना त्या पद्धतीची बाजू सभागृहाला समजावून सांगायची जबाबदारी बाबासाहेबांवरच आली आणि त्यांनी ती चोख पार पाडली. योगायोग असा की त्याच आठवड्यात अमेरिकेत हॅरी ट्रुमन आणि थॉमस ड्युई यांच्यातल्या निवडणुकीचा निकाल लागला होता.

त्यांनी मांडलेला मुद्दा आजही उपयोगी पडतो. चांगल्या सरकारकडे दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षं पक्का असतो. काँग्रेसमधलं बहुमत विरोधात गेलं तरी खुर्ची जात नाही. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात, त्याला हवं तेव्हा तो त्यांना काढू शकतो. स्थैर्य भरपूर, पण रोजचा हिशेब देणं नाही. संसदीय पद्धतीत उलट आहे. सरकार कधीही पडू शकतं, पण प्रश्नोत्तरं, ठराव, चर्चा, अविश्वास प्रस्ताव यांतून त्याला रोज जाब द्यावा लागतो, आणि ठराविक वर्षांनी मतदारांपुढे जावं लागतं ते वेगळंच. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं.

मग आपला राष्ट्रपती कसा निवडायचा?

नाव सारखं असलं तरी आपला राष्ट्रपती अमेरिकेसारखा नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. त्याचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं. राष्ट्राचा प्रमुख, पण कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

राष्ट्रपती जनतेने थेट निवडावा अशी दुरुस्ती के. टी. शहा यांच्यासारख्या सदस्यांनी मांडली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. मतदारांची संख्या प्रचंड, आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष सत्ता नाही त्याच्यासाठी एवढा मोठा खटाटोप कशाला, असा त्यांचा सूर होता.

त्यामुळे आपल्याकडेही निर्वाचक आले, पण वेगळ्या पद्धतीने. संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून राष्ट्रपती निवडतात. आमदाराच्या मताचं मूल्य ठरवायला राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचं आणि पुन्हा १,००० ने भागायचं. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५, आमदार २८८. भागाकार करून बघा, १७५ येतात. सुरुवातीला सांगितलेला अर्जुनी मोरगावचा आकडा हाच. खासदाराच्या मताचं मूल्य २०२२ च्या निवडणुकीत ७०० होतं.

फरक कुठे पडतो? अमेरिकेत कॅलिफोर्नियाला ५४ निर्वाचक आहेत आणि सहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या वायोमिंगला ३. लोकसंख्येच्या मानाने लहान राज्याच्या मतदाराचं पारडं त्यामुळे जड होतं. आपल्याकडे मताचं मूल्यच लोकसंख्येशी बांधलं आहे. दुसरं, इथे जो पहिला येईल त्याला सगळं राज्य मिळत नाही. महाराष्ट्रातले २८८ आमदार २८८ वेगवेगळी मतं देऊ शकतात. मतदान गुप्त असतं आणि पसंतीक्रमाने होतं. जिंकणाऱ्याला एकूण वैध मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त लागतं. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच विजयी झाले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात प्रत्येकाच्या मताचं मूल्य समान होईल, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. दोनच वर्षांनी ते स्वतः मतदारांसमोर उभे राहिले.

मुंबईतला पराभव

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. ते उत्तर मुंबईतून उभे राहिले.

तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. अट एकच, दोन्ही मतं एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. बाबासाहेबांच्या पक्षाची समाजवादी पक्षाशी युती होती. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता.

काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. साडेचौदा हजारांनी पराभव झाला. शिवाय हजारो मतं बाद झाली होती. मतदारांना मतं कुजवायला शिकवलं गेलं, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्याविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. मतं कुजवणं म्हणजे दुसरं मत कुणाच्याही कामी येणार नाही अशा रीतीने वाया घालवणं. याचिकेचा निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही.

बाबासाहेब १९५२ मध्येच मुंबईतून राज्यसभेवर गेले. जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यासाठी ते ३६ वर्षांनी पुन्हा त्या विद्यापीठात उभे राहिले तेव्हा अमेरिकेत आयझेनहॉवर निवडून येणार होते त्या निवडणुकीची धामधूम चालू होती.

बिडी, महानुभाव पंथ आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

भंडारा हाही दोन जागांचा मतदारसंघ होता. १९५२ मध्ये दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुळाराम साखरे. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संपूर्ण निवडणूक रद्द ठरवली.

कारणं दोन होती आणि दोन्ही अगदी या मातीतली. पहिलं कारण बिडी. जसानी ज्या कंपनीत भागीदार होते तिचा सरकारला बिड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी असा करार असलेल्याला निवडणूक लढवता येत नाही. दुसरं कारण जात. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला आहे, म्हणून ते आता महार राहिलेले नाहीत, असं म्हणत अर्ज फेटाळला गेला. न्यायालयाने उलट सांगितलं. ज्या समाजात माणूस जन्मला तो समाज त्याला अजून आपलाच मानत असेल, आणि त्यालाही तो समाज सोडायचा नसेल, तर पंथ बदलल्याने जात सुटत नाही. अर्ज चुकीचा फेटाळला, म्हणून निवडणूकच रद्द.

त्यामुळे मे १९५४ मध्ये दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान झालं आणि राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. वय ६३, मधुमेह आणि सांधेदुखीने शरीर पोखरलेलं. तरी मे महिन्याच्या उन्हात ते भंडारा जिल्ह्यात प्रचाराला फिरले. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, आता प्रजा समाजवादी पक्षाकडून.

त्या वेळची एक आठवण जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुणालाच देऊ नये, असं काहींनी सुचवलं. गणित सरळ होतं. मुंबईत जे झालं ते उलटं करायचं. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या घटनेने मताचा अधिकार दिला तिच्या मसुद्यावर स्वतः काम केल्यानंतर मत वाया घालवायला ते सांगणार नव्हते.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी बाबासाहेबांना आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरवलं. युतीतला सवर्ण उमेदवार निवडून आला आणि दलितांचा सगळ्यात मोठा नेता दलितांसाठीच्या राखीव जागेवर पडला. १९३२ मध्ये संयुक्त मतदारसंघाबद्दल त्यांनी जी भीती व्यक्त केली होती ती त्यांच्याच वाट्याला आली.

त्यानंतर ते लोकसभेची निवडणूक लढले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला भंडाऱ्यापासून जवळच असलेल्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. ठवरे प्रकरणातला प्रश्न पुढे या नवबौद्धांपुढेही उभा राहिला आणि अनुसूचित जातींच्या सवलती त्यांना १९९० मध्ये देशपातळीवर लागू झाल्या.

आज काय उरलं?

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. आता एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडला जातो. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचा असतो आणि मतदार मात्र सगळे असतात.

अर्जुनी मोरगाव विधानसभा मतदारसंघ आज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथल्या मतदान केंद्रावर सगळ्या जातींची माणसं एकाच रांगेत उभी राहून तो आमदार निवडतात. पुणे करारात जे ठरलं ते इथे दर निवडणुकीत प्रत्यक्षात उतरतं. निवडून आलेला आमदार कुणाला जास्त जबाबदार, ज्या समाजासाठी जागा राखीव आहे त्याला की ज्यांच्या बहुसंख्य मतांवर तो आला त्यांना, हा बाबासाहेबांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तोच आमदार पुढे राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत १७५ मूल्याचं मत टाकतो. त्या १७५ मध्ये त्याच्या मतदारसंघातला प्रत्येक माणूस मोजलेला असतो, त्याला मत दिलेला आणि न दिलेलाही.